ओ दादा, काहीतरी पडलं तुमचं!

माणूस पदरचे पैसे घालून अनोळखी माणसाला अद्दल घडवतो आणि त्या बदल्यात त्याला दमडी मिळत नाही. हिशेबाच्या वहीत न बसणारी ही गोष्ट झुरिकमध्ये अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगानं दाखवून दिली. २४० विद्यार्थ्यांचे चौघाचौघांचे गट केले. प्रत्येकाला थोडी रक्कम दिली. त्यातली हवी तेवढी सामाईक गल्ल्यात टाकायची, मग गल्ला फुगवून चौघांत सारखा वाटला जाणार. ज्यानं काहीच टाकलं नाही त्यालाही तेवढाच वाटा. आणि शेवटी एक मुभा: तुम्ही स्वतःचा एक रुपया जाळलात, तर त्या फुकट्याचे तीन जातील. गट दर फेरीला बदलत होते. म्हणजे आज सुधारलेल्या फुकट्याचा उद्या तुम्हाला उपयोग शून्य. तरीही पाचांतल्या चौघांहून अधिक जणांनी निदान एकदा तरी पदराला खार लावून घेतला. २००२ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं.

मग दादरच्या पुलावर याच माणसाचं काय होतं? समोरचा माणूस गुटख्याची पुडी (महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे जाता जाता) दातांनी फाडतो, तोंडात रिकामी करतो, आणि कागद जिन्यावर सोडून देतो. मागून येणारे साठ-सत्तर जण ते पाहतात. कुणी मोबाइलमध्ये डोकं घालतं, कुणी इंडिकेटरकडे बघतं. या साठ-सत्तर जणांना झुरिकला नेऊन बसवलं असतं, तर पन्नास जणांनी त्याला दंड ठोकला असता.

हा फरक संशोधकांनाही छळत होता. लुकास बालाफुतास आणि निकोस निकिफोराकिस या दोघांनी प्रयोगशाळा सोडून थेट अथेन्सचं मेट्रो स्टेशन गाठलं. त्यांची माणसं मुद्दाम दोन गुन्हे करायची. एक, सरकत्या जिन्यावर ज्या बाजूनं घाईतले लोक चढून जातात तिथं ठाण मांडून उभं राहायचं. दुसरा, सगळ्यांदेखत कचरा टाकायचा. कचऱ्याचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, जिन्याचा तितका नसतो. तेव्हा बोलणी कचऱ्यावरून जास्त बसतील असं वाटणं साहजिक आहे. घडलं उलटं. जिना अडवणाऱ्याला लोक टोकत होते, कचरा टाकणाऱ्याला मात्र क्वचितच कुणी बोललं. राग कचऱ्याचाही येत होता, नंतर विचारलं तेव्हा लोकांनी तो बोलून दाखवला. पण जिन्यावर 'जरा सरका' म्हणताना माझं काम असतं, मला गाडी पकडायची असते. कचऱ्याबद्दल बोलायचं तर मला स्वतःला शहराचा मुखत्यार नेमून घ्यावं लागतं, आणि तो अधिकार तुला कुणी दिला, असं समोरचा विचारू शकतो.

याच दोघांनी बेटिना रॉकेनबाख यांच्यासह पुढे जर्मनीत आणखी प्रयोग केले. त्यांतला २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. कचरा वाढवला तर टोकणारे वाढतील का? लोकांचा संताप वाढला, टोकणं वाढलं नाही. कारण संतापाबरोबर भीतीही वाढत होती. जो माणूस बिनदिक्कत ढीगभर घाण टाकतो, तो उलटून अंगावरही येईल, असा हिशेब बघणारा मनातल्या मनात करतो. आणि हा हिशेब चुकीचा नाही. म्हणजे चॉकलेटचा कागद टाकणाऱ्या कॉलेजच्या पोराला आपण बोलतो आणि टेम्पोभर राडारोडा नदीकाठी ओतणाऱ्याला बघून न बघितल्यासारखं करतो. पोलीस, दंड, पावत्या या गोष्टी समाजाला का लागल्या, याचं एक उत्तर इथं आहे, असं त्या संशोधकांचंही म्हणणं.

त्याआधी, २०१४ साली, याच चमूनं मांडलेलं दुसरं एक निरीक्षण तर गमतीचं आहे. कचरा टाकणाऱ्याच्या हातातलं सामान थोड्या वेळानं खाली पडायचं. सामान गोळा करायला त्याला किती जण मदत करतात, हे मोजायचं होतं. सभ्य माणसाच्या मानानं त्याला कमी हात मिळाले. लोक तोंडानं बोलले नव्हते, पण त्यांनी नोंद ठेवली होती. अशी मुकी शिक्षा करण्याची सोय असली की तोंडी बोलणारे आणखीच कमी होत. सर्वांत बोचणारी गोष्ट पुढची: ज्यानं धीर करून कचरेवाल्याला टोकलं, त्याचं सामान पडल्यावर त्याला काही जास्त मदत मिळाली नाही. शाबासकी नाहीच. चारचौघांत बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडे 'याला काय पडलंय' म्हणतात ते, जिथं हा प्रयोग झाला त्या कोलोनमध्येही मनात म्हणत असावेत.

पण सगळा दोष भित्रेपणावर टाकू नये. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली एक साधी गोष्ट नीट पाहून मांडली. गर्दीत आपण अनोळखी माणसाकडे क्षणभर बघतो आणि लगेच नजर काढून घेतो. बघतो, म्हणजे तू आहेस याची दखल घेतली. नजर काढतो, म्हणजे तुझ्यात नाक खुपसणार नाही, असं आश्वासन दिलं. या अलिखित कराराशिवाय विरारची सकाळची लोकल एक दिवस चालणार नाही. तीन माणसांच्या बाकावर कोंबून बसलेल्यांना दुसऱ्याचं सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, आणि तरी त्यांनी ते पाहिलेलं-ऐकलेलं नसतं. कचऱ्यावरून टोकणं म्हणजे हा करार मोडणं. म्हणूनच बोलण्याआधी घसा कोरडा पडतो. समोरच्यानं नियम मोडला हे खरं, पण तोंड उघडलं की आपणही एक नियम मोडत असतो.

हा करार सगळीकडे सारखा घट्ट नसतो. फ्रान्समध्ये पेगी शेक्रून आणि मार्कुस ब्राउअर यांनी २००२ साली दोन जागा निवडल्या. मॉलच्या लिफ्टमध्ये कुणी भिंतीवर रेघोट्या मारू लागलं की बघणारे जितके जास्त, तितकं प्रत्येकाचं तोंड बंद. दुसरा कुणी बोलेल की. वस्तीतल्या बागेत कचरा टाकला तेव्हा मात्र आसपास माणसं असूनही लोक बोलले. बाग आपली वाटते, लिफ्ट कुणाचीच नसते. पुण्या-मुंबईकडच्या सोसायट्यांत याचा पुरावा रोज मिळतो. जे काका जिन्यातल्या एका शेंगदाण्याच्या टरफलावरून मजल्यावरच्या पोरांना धारेवर धरतात, तेच गेटबाहेर पाऊल टाकलं की नाल्याच्या कडेला पडलेल्या पिशव्यांवरून शांतपणे उडी मारून जातात. दीपेश चक्रवर्ती आणि सुदिप्तो कविराज या दोन अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात यावर लिहिलेलं आहे. घर झाडून लख्ख करायचं आणि केर उंबऱ्याबाहेर लोटायचा. बाहेरची जागा सगळ्यांची म्हणून जपायची, ही दृष्टी इथं बरीच नंतर आली. आणि बाहेरचं उचलणारी माणसं जातीनंच ठरवून ठेवलेली होती. 'उचलायला माणसं आहेत की' हे उत्तर टोकणाऱ्याला आजही ऐकावं लागतं. त्यातली 'माणसं' कोण, हे बोलणाऱ्यालाही नीट माहीत असतं.

आता समजा, बोललोच. तर पुढं काय?

जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये एक सिद्धान्त मांडला. आपलं स्वातंत्र्य कुणी हिसकावतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला धडपडतो, मग ते स्वातंत्र्य कागद खाली टाकण्याचं का असेना. १९७९ साली राइख आणि रॉबर्टसन यांनी हे पोहण्याच्या तलावावर तपासलं. लोकांना पत्रकं वाटली. काहींवर 'खबरदार, कचरा टाकाल तर' अशा थाटाचा दम होता, काहींवर तलाव स्वच्छ ठेवायला हातभार लावा अशी विनंती. दम दिलेली पत्रकंच जास्त संख्येनं जमिनीवर सापडली. आपल्याकडच्या भिंतींवर 'येथे कचरा टाकणाऱ्याच्या...' पासून सुरू होऊन आई-बहिणीपर्यंत जाणाऱ्या ज्या सूचना रंगवलेल्या असतात, त्यांच्याच खाली सर्वांत मोठा ढीग का असतो, याचा थोडा तरी उलगडा यातून व्हावा.

जून २०१८ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर जे घडलं ते अनेकांना आठवत असेल. एका महागड्या मोटारीतून प्लास्टिक बाहेर आलं. शेजारच्या गाडीतून अनुष्का शर्मानं काच खाली करून त्या माणसाला सुनावलं आणि विराट कोहलीनं त्याचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला. त्या माणसानं उत्तरात चूक झाल्याचं लिहिलं, पण तिचा सूर आणि व्हिडिओ यांवर तो आणि त्याची आई दोघंही तुटून पडले. पुढचे काही दिवस देश भांडत होता ते अनुष्काची भाषा बरोबर की चूक, आणि न विचारता एखाद्याचा चेहरा जगाला दाखवावा का यावर. प्लास्टिकचा विषय केव्हाच मागं पडला. तिचा मुद्दा शंभर टक्के खरा होता, असं माझं मत आहे. पण मोबाइल समोर धरला की समोरच्याकडे दोनच वाटा उरतात, जगासमोर मान खाली घालायची किंवा लढायचं. बहुतेक माणसं लढतात.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग गप्पच बसलेलं बरं. पण आपण आतापर्यंत टाकणारा आणि टोकणारा या दोघांकडेच बघत आलो. खरी नवलाची गोष्ट घडते ती तिसऱ्या माणसात, जो नुसता बघत असतो.

अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एका इस्पितळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये सापळा लावला. गाडीकडे परतणाऱ्याला काचेवर एक पत्रक खोचलेलं मिळायचं. जवळपास कचऱ्याचा डबा नाही. तो ते कुठं टाकतो, हे बघायचं. कधी पार्किंग आधीच कागदांनी भरून ठेवलेलं, कधी झाडून स्वच्छ केलेलं. आणि कधी गाडीवाल्याच्या डोळ्यांदेखत संशोधकांचाच एक माणूस हातातलं पत्रक खाली टाकून निघून जायचा. कचऱ्यानं भरलेल्या पार्किंगमध्ये एरवी ३२ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं. कुणाला टाकताना पाहिल्यावर ५४ टक्क्यांनी. हे अपेक्षितच होतं. स्वच्छ पार्किंगमध्ये एरवी १४ टक्के. आणि तिथं कुणाला टाकताना पाहिल्यावर? ६ टक्के. एकानं घाण केली आणि बाकीचे आणखी नीट वागू लागले.

हे वाचून मी पान उलटून पुन्हा मागं आलो होतो. पण पुढच्या एका प्रयोगात त्यांना हेच पुन्हा दिसलं. वसतिगृहाच्या टपालपेट्यांच्या खोलीत मधोमध एक कलिंगडाचं साल ठेवलं. बाकी खोली चकाचक. पूर्ण स्वच्छ खोलीत सुमारे ११ टक्के मुलांनी पत्रक खाली टाकलं होतं. एकट्या सालाच्या संगतीत ४ टक्केही नाही. खोलीभर कचरा पसरल्यावर मात्र २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्वच्छता नजरेत भरायला एक ठळक अपवाद लागतो. साल दिसलं की बाकीची फरशी किती स्वच्छ आहे हे दिसतं, आणि इथं लोक कचरा करत नाहीत, हेही.

टोकण्याचा खरा श्रोता कोण, हे इथून कळू लागतं. तुमच्या बोलण्यानं टाकणारा सुधारेलच असं नाही. तो कदाचित अपमान घेऊन घरी जाईल आणि उद्या दुप्पट टाकेल. पण आजूबाजूच्या वीस जणांना तुम्ही सांगितलेलं असतं की हे कृत्य इथं खपत नाही. त्या विसांनी ते कसं घ्यायचं, हे तुमच्या आवाजावर ठरतं. तुम्ही डाफरलात तर त्यांची सहानुभूती ताबडतोब त्याच्याकडे जाते आणि कचरा विसरून ते तुमचा उर्मटपणा लक्षात ठेवतात.

यावर एक उपाय असा, की बोलायचंच नाही. चाल्डिनींच्याच चमूनं १९९३ साली आपल्या माणसाला कुणाला काही न बोलता पडलेली एक खाद्यपदार्थाची पिशवी उचलायला लावली. ते पाहणाऱ्यांचं कचरा टाकणं झपाट्यानं घटलं, आणि महत्त्वाचं म्हणजे परिसर आधीच घाण असला तरीही घटलं. महाराष्ट्राला यात नवं काही नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, गावात शिरले की कुणाला उपदेश न करता हातातल्या खराट्यानं रस्ता झाडायला लागत. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर. लोक आधी वेडा समजत, मग ओशाळत, मग कुणीतरी घरातून झाडू घेऊन येई. बोलणं रात्री, कीर्तनात, आणि तेही प्रश्न विचारून. उत्तर देणाऱ्या गर्दीला कळायच्या आत तिनंच स्वतःला टोकलेलं असायचं. सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं ते या खराट्यामुळे. क्रम मात्र अनेक गावांत उलटा झाला: आधी भाषण, आणि झाडू फोटोपुरता.

पण प्रत्येक जण गाडगेबाबा होऊ शकत नाही आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याचं उचलत बसणंही बरोबर नाही. तेव्हा बोलावं लागतं. ते कसं, याचा मी पाहिलेला सर्वोत्तम नमुना कर्जत लोकलमधला. खिडकीशी बसलेल्या तिशीतल्या गृहस्थानं वेफर्स संपवले, पाकीट तळहातावर उलटं करून चुरा खाल्ला, पाकिटाची नीट चौघडी घातली आणि ती चौघडी दोन बोटांत धरून हात खिडकीच्या गजांबाहेर काढला. समोर भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेतलेल्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, द्या हिकडं. माझ्या पाटीत टाका, मी उतरल्यावर टाकते." हात आत आला. चेहरा जरा लाल झाला. "नको नको, राहू दे," म्हणत त्यानं पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बदलापूर येईपर्यंत ते खिशातून डोकावत राहिलं.

मावशींनी तीन गोष्टी केल्या. कृत्य पूर्ण व्हायच्या आत बोलल्या. एकदा पाकीट रुळांवर गेलं की मागं फिरायची सोयच उरत नाही. नातं लावून बोलल्या. आणि त्याला चूक कबूल न करता बाहेर पडायला दार उघडं ठेवलं. भाषाशास्त्रज्ञ पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेवर जे विख्यात काम केलं, त्यातली एक तऱ्हा हीच आहे: समोरच्याचा आब सांभाळायचा असेल तर आरोप इतका आडून करा की त्याला तो ऐकलाच नाही असं दाखवता यावं. 'ओ दादा, काहीतरी पडलं तुमचं' हे त्याच जातीचं वाक्य. पडलं हे दोघांनाही माहीत असतं, टाकलं हेही माहीत असतं. दादा वाकून उचलतात, वर 'थँक्यू' म्हणतात. जोडीला बायकोमुलं असली तर हे वाक्य आणखी हळू म्हणायचं असतं; बापाला मुलासमोर वाकवून कुणी जिंकलेलं नाही. 'तुम्ही लोक' या शब्दांनी मात्र वाक्य कधी सुरू करू नये. तिथं कचरा संपतो आणि प्रांत, जात, धर्म सुरू होतो.

कोण बोलतंय, यानंही सगळं बदलतं. जर्मनीच्या तीन राज्यांतल्या २८ शहरांत केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेल्वे स्टेशनवर कचरा टाकणाऱ्याला एक तरुणी टोकायची आणि थोड्या वेळानं तिच्या पिशवीतली फळं सांडायची. कधी ती जर्मन दिसायची, कधी हिजाब घातलेली. शहराचा नियम जपणाऱ्या हिजाबवालीला, न बोलणाऱ्या हिजाबवालीपेक्षा जास्त मदत मिळाली. तरी जर्मन मुलीइतकी नाहीच. नियमाची बाजू घेतल्यानं परकेपणा कमी झाला, पुसला गेला नाही. आपल्याकडे पालिकेच्या सफाई कामगार बाईनं मोटारवाल्याला टोकून पाहावं, म्हणजे हा प्रयोग इथं करायची गरज उरणार नाही.

गणवेश चढवला की काम सोपं होतं, असंही नाही. मुंबई महापालिकेच्या २००६च्या उपविधींत कचरा टाकण्याला २०० रुपये दंड ठेवला होता. २००७ पासून क्लीन-अप मार्शल नेमले गेले, वसुलीच्या तक्रारींमुळे योजना बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. रेल्वेच्या हद्दीत २०१२च्या नियमांप्रमाणे ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडानं बघणाऱ्यांना एक सोयीचं उत्तरही मिळतं: ते काम पावती फाडणाऱ्याचं. मार्शल दिसला की लोक त्याला चुकवत. कचरा टाकायचाच असायचा, फक्त दोन खांब पुढं जाऊन.

बिनधास्त टोकतात ती लहान मुलं. "काका, खाली टाकायचं नसतं" हे पहिलीतलं पोरगं खणखणीत आवाजात म्हणतं आणि अख्खी एसटी हसते. त्या हसण्यात काकांची सुटका असते. पोराशी भांडणं शक्य नाही, त्याच्यापुढे हार मानली तर कमीपणा नाही. काका कागद उचलतात, वर पोराचं कौतुक करतात. तेच वाक्य त्याच्या बापानं म्हटलं असतं, तर पुढच्या थांब्यापर्यंत गाडीत दोन तट पडले असते.

मोठ्यांना एवढी सवलत नसल्यामुळे त्यांना युक्त्या लागतात, आणि त्या शोधून काढण्यात सह्याद्रीत भटकणारी मंडळी पटाईत आहेत. 'कचरा करू नका' म्हटल्यावर येणारा 'मग डबा कुठाय?' हा प्रश्न गडावर तर अगदी रास्त असतो. राजगडावर पद्मावती माचीवर जेवणं उरकली की जुन्या गटांतला एखादा म्होरक्या मोठी पिशवी उघडून सगळ्यांमधून फिरतो, "कुणाकडे काही आहे का टाकायचं?" एवढंच म्हणत. कुणाचं काय खाली पडलंय याकडे त्याचं लक्षच नसल्यासारखं. मग बसल्या जागेखालून पाकिटं निघतात, दगडाआड सरकवलेल्या बाटल्या निघतात, आणि ज्यांचा या गटाशी काही संबंध नाही असे पलीकडचे चौघेही आपली बिस्किटांची वेष्टनं घेऊन उठून येतात.